नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा. मग निवृत्तिवेतन कोणाचे?

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला जातात त्याच सुमारास, नोव्हेंबर महिन्यात, तालुक्याच्या गावांतील बँकांमध्ये एक वेगळी रांग लागते. राजुरा, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, अहेरी, कुठेही जा. कानटोपी घातलेले निवृत्त प्राध्यापक, काठी टेकत आलेला महाविद्यालयाचा जुना शिपाई, नवऱ्याच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी एखादी बाई. सगळे जण हयातीच्या दाखल्यावर सही करायला आलेले असतात. ‘मी जिवंत आहे’ असे वर्षातून एकदा सरकारला कळवले की पुढचे वर्षभर महिन्याच्या महिन्याला रक्कम खात्यात जमा होत राहते.

या रांगेत कोण आहे, यापेक्षा कोण नाही हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. त्याच महाविद्यालयात, त्याच स्टाफरूममध्ये, तीच पुस्तके वीस-पंचवीस वर्षे शिकवलेला एखादा अध्यापक या रांगेत नसतो, कारण त्याची तुकडी विनाअनुदानित होती. दुसऱ्या एखाद्याची नेमणूक एका विशिष्ट तारखेनंतर झालेली असते. तिसऱ्याची फाइल अजून नागपुरात असते. तिघांनीही नोकरी एकाच संस्थेची केली. मग एकाला सरकार आयुष्यभर पोसते आणि दुसऱ्याला हात हलवत घरी जावे लागते, असे का? चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील अनुदानित खाजगी महाविद्यालयांच्या निमित्ताने या प्रश्नाची उकल करण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन धन्यांची चाकरी

विदर्भात उच्च शिक्षण गावोगावी नेले ते मुख्यतः खाजगी संस्थांनी. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांच्या महारोगी सेवा समितीने महाविद्यालय काढले. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, राजुरा येथे स्थानिक शिक्षणसंस्थांनी महाविद्यालये उभारली आणि पुढे गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांतही हीच वाट चालली. इमारत संस्थेची, नाव संस्थेचे, नेमणुकीच्या आदेशावर सही संस्थेच्या अध्यक्षाची किंवा सचिवाची. पण पूर्ण अनुदानावर आल्यानंतर मंजूर पदावरील माणसाचा पगार मात्र राज्याच्या तिजोरीतून येतो.

म्हणजे अनुदानित महाविद्यालयातील कर्मचाऱ्याला दोन धनी असतात. नेमणारा, शिस्तभंगाची कारवाई करणारा, सेवापुस्तक सांभाळणारा धनी म्हणजे संस्था. पद मंजूर करणारा, वेतननिश्चिती तपासणारा आणि पैसे देणारा धनी म्हणजे शासन. यांच्या जोडीला विद्यापीठ आहे. अध्यापकाच्या निवडीला त्याची मान्यता नसेल, तर पुढचे काहीच हलत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा कर्मचारी सरकारी नोकर नव्हे. घटनेच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण त्याला मिळत नाही. अनुदानित महाविद्यालयाचा प्राध्यापक विधान परिषदेच्या शिक्षक किंवा पदवीधर मतदारसंघातून निवडणूक लढवू शकतो. तहसील कार्यालयातील कारकुनाला हे करता येत नाही. नोकर संस्थेचा आणि पगार सरकारचा, ही व्यवस्था नोकरी चालू असताना बरी चालते. तिची खरी कसोटी लागते ती निवृत्तीच्या दिवशी. त्या दिवशी पगार थांबतो आणि ‘आता जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न दोन्ही धन्यांसमोर एकदमच उभा राहतो.

१९८२ सालचे चार महिने

१९८२ पूर्वी या प्रश्नाचे उत्तर साधे आणि तोकडे होते. महाविद्यालयीन कर्मचाऱ्याला अंशदायी भविष्य निर्वाह निधी असे. त्याच्या पगारातून काही रक्कम कापली जाई, संस्थेच्या बाजूने काही रक्कम पडे आणि निवृत्तीच्या वेळी सव्याज एकरकमी पैसे हाती येत. ते संपले की संपले. माध्यमिक शाळांतील शिक्षकांची स्थिती याहून बरी होती. १९६८ सालच्या शासन निर्णयाने त्यांना १ एप्रिल १९६६ पासून निवृत्तिवेतन लागू झाले होते. म्हणजे जवळपास साडेसोळा वर्षे गावच्या हायस्कुलातील गुरुजींना पेन्शन होती आणि त्यांच्याच विद्यार्थ्यांना पुढे शिकवणाऱ्या प्राध्यापकांना नव्हती.

हे चित्र बदलले ते २१ जुलै १९८३ च्या शासन निर्णयाने. अकृषी विद्यापीठे आणि त्यांना संलग्न असलेल्या अशासकीय अनुदानित महाविद्यालयांतील जे पूर्णवेळ अध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी १ ऑक्टोबर १९८२ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त झाले, त्यांना सरकारी नोकरांप्रमाणे निवृत्तिवेतन व उपदान लागू झाले. ज्यांनी हा पर्याय स्वीकारला, त्यांच्या भविष्य निर्वाह निधीतील संस्थेच्या हिश्शाची रक्कम शासनाकडे वळती करायची होती. त्यामागचा विचार सरळ होता. म्हातारपणाची तरतूद एकदा शासनाने अंगावर घेतल्यावर त्याच कारणासाठी साठवलेला मालकाचा हिस्सा वेगळा ठेवण्याचे कारण उरत नाही.

त्या सालचे ते चार महिने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १५ ऑगस्ट १९८२ रोजी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम अंमलात आले. २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा जन्मला. १ ऑक्टोबर ही महाविद्यालयांच्या पेन्शनची आरंभरेषा ठरली. आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड त्याचे प्रमुख असताना, डी. एस. नाकारा खटल्याचा निकाल दिला. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, हे सूत्र त्या निकालाने पक्के झाले. खटला केंद्र सरकारच्या निवृत्तांचा होता. पण देशभरातील पेन्शनच्या प्रत्येक वादात त्याचा आधार आजही घेतला जातो.

कोणता पैसा कोणाच्या खिशातून?

जुन्या योजनेत बसणाऱ्या, मंजूर अनुदानित पदावरून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या बाबतीत हिशेब स्पष्ट आहे. निवृत्तिवेतन शासन देते. किमान अर्हताकारी सेवा १० वर्षे लागते. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी पूर्वी ३३ वर्षे लागत. सहाव्या वेतन आयोगानंतर २००९ मध्ये ही अट २० वर्षांवर आली. शेवटचे मूळ वेतन १ लाख रुपये असेल, तर निवृत्तिवेतन ५० हजार रुपये आणि त्यावर महागाई वाढ. त्यातील ४० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ एकरकमी घेता येते. याला अंशराशीकरण म्हणतात. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा चालू होतो.

उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, हीदेखील शासनच देते. सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीला पाव महिन्याचे वेतन असा दर आहे आणि साडेसोळा महिन्यांच्या वेतनाची मर्यादा आहे. ३० वर्षे सेवा झालेल्याच्या ६० सहामाह्या होतात, म्हणजे १५ महिन्यांचे वेतन. रकमेची कमाल मर्यादा सातव्या वेतन आयोगात १४ लाख रुपये होती; राज्य शासनाने ती १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख केली. भविष्य निर्वाह निधी हा तर कर्मचाऱ्याचा स्वतःचाच पैसा. तो परत मिळण्यात उपकार कोणाचाच नाही.

पेच पडतो तो शिल्लक रजेच्या रोखीकरणात. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी कमाल ३०० दिवसांच्या अर्जित रजेचे पैसे मिळतात. महाविद्यालयातील अध्यापकाला दिवाळीची आणि उन्हाळ्याची दीर्घ सुटी असते, त्यामुळे त्याच्या खात्यावर अर्जित रजा थोडीच साठते. प्राचार्य आणि शिक्षकेतर कर्मचारी सुटीतही कामावर असतात, त्यांची रजा साठते. ही रक्कम अनुदानात बसते की नाही, यावर शासन आणि संस्था यांनी परस्परांकडे बोट दाखवायचे आणि निवृत्ताने दोघांच्या मध्ये उभे राहायचे, असा प्रसंग येऊ शकतो.

दुसरीकडे, जे पद अनुदानात नाही त्याची सारी जबाबदारी संस्थेवर येते. शिक्षणसंस्थांना भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा १९८२ पासून लागू आहे. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा शिक्षणसंस्थांना ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने लागू झाला. पण २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येतील ‘कर्मचारी’ ठरत नाही असा निर्णय दिला. त्यानंतर संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून, १९९७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने, शिक्षकांना व्याख्येत आणले. खाजगी शाळाचालकांनी या दुरुस्तीला दिलेले आव्हान २९ ऑगस्ट २०२२ रोजी फेटाळले गेले. म्हणून विनाअनुदानित तुकडीवर पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या अध्यापकालाही संस्थेकडून ग्रॅच्युइटी मागण्याचा हक्क आहे. अनेकांना तो ठाऊक नसतो. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्यांची सेवा मात्र निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरलीच जात नाही.

तारखांच्या भिंती

कोण देणार, हे ठरते ते पद आणि तारीख यांवरून. इथेच या दोन जिल्ह्यांचे दुखणे सुरू होते. पुण्या-मुंबईतील महाविद्यालये शंभर-दीडशे वर्षांची आहेत. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल. तिथे अंतर्गत तालुक्यांत महाविद्यालय पोचायला विसावे शतक सरत आले. जे उशिरा आले त्यांची गाठ नव्या, आखडत्या नियमांशी पडली.

पहिली भिंत अनुदानाची. २४ नोव्हेंबर २००१ पासून राज्याने नवी महाविद्यालये आणि नव्या तुकड्या कायम विनाअनुदानित तत्त्वावरच देण्याचे धोरण घेतले. त्यामुळे एकाच इमारतीत कला शाखा अनुदानित आणि नंतर सुरू झालेली विज्ञान शाखा विनाअनुदानित, असे चित्र दिसू लागले. एकाच घंटेला दोघे वर्गात जातात. एकाची म्हातारपणाची सोय शासनाकडे, दुसऱ्याची संस्थेच्या कुवतीवर. शहरातील संस्था शुल्कातून काहीतरी उभे करू शकते. ज्या गावात विद्यार्थी शेतमजुराचा, तेंदूपाने तोडणाऱ्याचा, मोहफुले वेचणाऱ्याचा मुलगा आहे, तिथे शुल्क किती आकारणार?

दुसरी भिंत १ नोव्हेंबर २००५ ची. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने त्या दिवसापासून नेमलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली आणि परिभाषित अंशदान योजना आली. तिचे पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत रूपांतर झाले. कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि तेवढाच मालकाचा हिस्सा. मालकाचा हिस्सा पुढे १४ टक्के झाला. अनुदानित पदासाठी हा हिस्साही शासनच भरते. म्हणजे पैसे देणारा बदलला नाही, वचन बदलले. जुन्या योजनेत शासन ठरलेल्या पेन्शनची हमी देत होते; नव्या योजनेत ते हप्ता भरते आणि पुढचे बाजारावर सोपवते. शेजारच्या छत्तीसगडने २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना जुनी योजना पुन्हा लागू केली. कोरची-धानोऱ्याकडच्या कर्मचाऱ्याला ही बातमी सीमेपलीकडून ऐकू आली. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. त्यानंतर समिती, सुधारित योजनेची घोषणा आणि केंद्राची १ एप्रिल २०२५ पासूनची एकीकृत निवृत्तिवेतन योजना, असा प्रवास झाला. ठरावीक पेन्शनचे वचन निदान अर्ध्या वाटेने परत येत आहे.

तिसरी भिंत पात्रतेची. २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या अध्यापकांची सेवा २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने त्या निर्णयाच्या दिवसापासून ग्राह्य धरली. १९९५ ला वर्गात उभा राहिलेला माणूस कागदावर २०१३ ला नोकरीला लागला, आणि त्यामुळे २००५ च्या भिंतीच्या पलीकडे जाऊन पडला. त्या काळात नेट-सेट झालेले उमेदवार आडगावी यायला तयार नसत. जे आले, त्यांनी महाविद्यालये चालवली. आणि पेन्शनचा हक्क सिद्ध करण्याची वेळही त्यांच्यावरच आली.

फाइलचा प्रवास

हक्क निर्विवाद असला तरी पैसे आपोआप येत नाहीत. महाविद्यालयाने सेवापुस्तक, विद्यापीठाच्या मान्यतेची पत्रे, वेतननिश्चितीची पडताळणी, ना-देय प्रमाणपत्र आणि नामनिर्देशन जोडून प्रकरण नागपूरच्या उच्च शिक्षण सहसंचालकांकडे पाठवायचे. तिथून ते नागपूरच्याच महालेखापाल कार्यालयात जाते. महालेखापाल निवृत्तिवेतनाचे प्रदान आदेश काढतात आणि चंद्रपूरचे किंवा गडचिरोलीचे कोषागार पैसे देते. सिरोंचा ते गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. नागपूर त्याच्याही पुढे पावणेदोनशे. एका त्रुटीसाठी फाइल परत आली की एस. टी.चे दोन दिवस आणि एक मुक्काम ठरलेला.

त्यात इथे आणखी एक गुंता आहे. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडून त्याच्याकडे आली. आज निवृत्त होणाऱ्या बहुतेकांची पहिली मान्यता नागपूर विद्यापीठाची आणि पुढची पदोन्नती गोंडवानाची. जुन्या पत्राची प्रत हरवली असेल, तर कोणत्या विद्यापीठाच्या कपाटात शोधायची, इथून सुरुवात होते. राखीव जागेवरील अध्यापकाच्या फाइलमध्ये जात वैधता प्रमाणपत्र लागते. विदर्भात हलबा, माना या जमातींच्या दाव्यांवरून चाललेले खटले पाहता हा एक कागद किती वर्षे खाऊ शकतो, हे सांगायला नको.

निवृत्ताला आणखी एक धक्का बसतो तो वसुलीचा. वीस वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली, असे निवृत्तीच्या तोंडावर सापडते आणि लाखांची रक्कम उपदानातून कापायची सूचना येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी रफीक मसीह खटल्यात निवृत्तांकडून, निवृत्तीला एक वर्षाहून कमी काळ उरलेल्यांकडून आणि वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करता येणार नाही, असे सांगितले. पण जास्तीचे पैसे परत करण्याचे हमीपत्र आधीच दिले असेल, तर ते बांधील धरता येते, असे २०१६ मध्ये दुसऱ्या एका निकालात म्हटले. वेतननिश्चितीच्या वेळी पुढे केलेल्या कागदावर न वाचता केलेली सही अशी महाग पडते.

१९८२ च्या नियमांत या विलंबाचा विचार झालेला आहे. निवृत्तीच्या दोन वर्षे आधी कागदपत्रांची तयारी सुरू करायची, सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे जायला हवे. तरीही उशीर होणार असेल, तर नियम १२६ प्रमाणे तात्पुरते निवृत्तिवेतन देता येते. कार्यालयीन दिरंगाईने उपदान तीन महिन्यांहून अधिक रखडले, तर नियम १२९-अ प्रमाणे आणि निवृत्तिवेतन सहा महिन्यांहून अधिक रखडले, तर नियम १२९-ब प्रमाणे व्याज मागता येते. हे नियम पुस्तकात आहेत. मागणारा मात्र विरळा, कारण ज्या कार्यालयाकडे फाइल अडकली आहे त्याच्याकडेच व्याज मागायचा धीर साठीच्या माणसाला होत नाही.

देणारा एक, सांभाळणारा दुसरा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अनुदानित महाविद्यालयातील कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन कोण देते? १ ऑक्टोबर १९८२ पासून उत्तर एकच आहे: शासन. त्यात संदिग्धता नाही. पण शासन पैसे देते ते संस्थेने लिहिलेल्या सेवापुस्तकावर विसंबून. नोंद करायची राहिली, मान्यता घ्यायची राहिली, रजेचा हिशेब लिहायचा राहिला, तर चूक संस्थेची असते, पैसे शासनाचे अडतात आणि भोगतो तो निवृत्त. दोन धन्यांच्या या व्यवस्थेत पैसा देणाऱ्याकडे नोंदी नाहीत आणि नोंदी ठेवणाऱ्यावर पैशाचा भार नाही. इतर सगळ्या तक्रारी या एका फटीतून निघतात.

ती बुजवायला फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकाची दुसरी प्रत त्याच्या हाती असावी आणि तिच्यावर दरवर्षी सही व्हावी. सेवेची आणि वेतननिश्चितीची पडताळणी निवृत्तीच्या तोंडावर न करता दर पाच वर्षांनी महाविद्यालयातच येऊन व्हावी. दोन्ही विद्यापीठांतील मान्यतेची जुनी पत्रे एकदाच काढून जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवावीत. आणि सहसंचालकांच्या कार्यालयाने वर्षातून दोनदा चंद्रपूर आणि गडचिरोलीत निवृत्तिवेतन प्रकरणांसाठी बसावे. फाइल नागपूरला जाण्यापेक्षा नागपूर फाइलकडे आलेले स्वस्त पडते.

विनाअनुदानितांचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. तो धोरणाचा आहे. जंगलातल्या गावात महाविद्यालय हवे असे म्हणायचे आणि ते चालवणाऱ्याच्या म्हातारपणाचा भार मोहफुलांच्या शुल्कावर टाकायचा, हा हिशेब जुळणारा नाही. तोवर निदान कायद्याने दिलेली ग्रॅच्युइटी तरी त्यांनी मागावी आणि संस्थांनी ती द्यावी.

नोव्हेंबर येईल, बँकेत रांग लागेल. म्हातारा प्राध्यापक थरथरत्या हाताने हयातीच्या दाखल्यावर सही करील. सही जुन्या नमुन्याशी जुळत नाही म्हणून काउंटरवरची मुलगी पुन्हा करायला सांगेल. बहुधा ती त्याच महाविद्यालयातून शिकून गेलेली असेल.